वारेसायबांचे शेरे

“म्हणजे जाळाच मां?” हरीमामांनी विचारलं.

ते माझ्या खुर्चीच्या मागे उभे राहून लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत होते. चष्मा नेहमीसारखा कपाळावर चढवलेला.

“जाळंच म्हणा,” मी म्हटलं. “फक्त कुठला मासा हवा ते आधी सांगावं लागतं. त्याचं तोंड कसं, शेपूट कशी, मधे काय असलं तरी चालेल. मग हे सगळ्या पाण्यातून तेवढेच उचलतं.”

“आणि बाकीचे?”

“बाकीचे पाण्यात राहतात.”

“मगे आमच्या जाळ्यापरास बरा. आमच्यात आधी कचरो, मगे मासो.”

त्या श्रावणाला आता बरीच वर्षं झाली. भाऊ, म्हणजे माझे वडील, त्याआधी फाल्गुनात गेले होते. घर तसंच कुलूप लावून मी पुण्याला परत गेले होते आणि आता आवराआवर करायची म्हणून सुट्टी टाकून आले होते. कपाट उघडायच्या आतच हरीमामा अंगणात हजर झाले. हरेश्वर कुबल. आमचे शेजारी, मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष, आणि माझ्या लहानपणापासून गावातले माझे एकमेव मामा.

“नारळी पुनवेक प्रत्येक होडयेत एक एक पुस्तक देवया,” ते म्हणाले होते. “वारेसायबांचे शेरे. त्या ग्रुपात सगळे पडलेले आसत. पण ते वेचून काढतलो कोण? थय लोकांचे गुलाबाचे फोटो नि वाढदिवस. तू कंप्यूटरातला शिकलेला चेडू. तूच काढ.”

वारेसायब म्हणजे भाऊ. आमचं मूळ गाव कोरेगाव तालुक्यात, जिथे पाणी हंड्यानं मोजून वापरतात. सर्जेराव बाबूराव बर्गे या माणसानं समुद्र पहिल्यांदा पाहिला तो हवामान खात्यात निरीक्षक म्हणून इकडे बदली झाली तेव्हा. पोहायला त्यांना शेवटपर्यंत आलं नाही. पण निवृत्त झाल्यावर ते परत गेले नाहीत. आई गेल्यावरही गेले नाहीत. “तिकडं जाऊन काय मोजू? ढेकळं?” असं म्हणायचे. मग गावात सगळ्यांच्या हातात फोन आले तेव्हा त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप काढला. ‘दर्याची खबर’. रोज पहाटे उठून ते वाऱ्याचे नकाशे बघायचे, परसात जाऊन आभाळ बघायचे आणि होड्या सुटायच्या आत एक मेसेज टाकायचे. त्याचा साचा सरकारी होता. पहिली ओळ वारा, दुसरी लाट, तिसरी शेरा, आणि खाली स. बा. बर्गे. आयुष्यभर नोंदी केलेला माणूस, त्याला साच्याशिवाय लिहिता येत नसे. पण शेऱ्यात मात्र तो स्वतः असायचा.

म्हणून मला ते काम सोपं वाटलं. भाऊंच्या फोनमधून मी ग्रुपचा सगळा मजकूर एका फाइलमध्ये उतरवून घेतला. कित्येक वर्षांचा. त्यातून शेरे तेवढे बाहेर काढायचे. आमच्या कामात यासाठी रेग्युलर एक्स्प्रेशन वापरतात, म्हणजे मजकुराचा एक नमुना लिहायचा. ‘शेरा’ या शब्दापासून सुरू कर, मधे काहीही असो, बर्गे या नावाशी थांब. ‘काहीही असो’साठी एक टिंब आणि एक तारा. दोन खुणा, संपलं.

पहिल्यांदा चालवलं तेव्हा जवळजवळ काहीच हाती आलं नाही.

“खय गेले सगळे?” हरीमामा म्हणाले.

मी फाइल बघितली. ‘शेरा’ लिहून भाऊ खालच्या ओळीवर जायचे. आणि माझं टिंब ओळ ओलांडत नाही, ते ओळीच्या शेवटी उंबरठ्यापाशी अडतं. त्याला ओलांडायची परवानगी दिली. परत चालवलं. यावेळी एकच शेरा आला, पण तो संपेचना.

हरीमामांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मोठ्यानं वाचायला लागले. “शेरा. जायला हरकत नाही, दुपारी जपून. स. बा. बर्गे. शुभ सकाळ. सुरमय कोणाकडे आसा? काल संध्याकाळपासून आमची शेळी... आरे! ही शेळी माझी! गावली होती ती मगे.” ते हसायला लागले. “सायबांच्या शेऱ्यात माझी शेळी कशी इली गो?”

“नमुना हावरा झाला. पहिल्या शेऱ्यापासून सुरू केलं आणि फाइलमधल्या अगदी शेवटच्या बर्ग्यांपाशी थांबला. मधलं सगळं गिळलं.”

“मगे?”

“एक प्रश्नचिन्ह घालायचं. म्हणजे तो पहिलं नाव दिसलं की थांबतो.”

“येवढ्यान होता?”

“येवढ्यानंच होतं.”

झालंही. शेरे एकाखाली एक, तारखेसह पडद्यावर उतरले. मी वाचू शकले नसते, पण हरीमामांनी वाचायला सुरुवात केली म्हणून बरं झालं. त्यांच्या मालवणी तोंडातून भाऊंची घाटावरची मराठी वेगळीच ऐकू येत होती.

“शेरा. जायला हरकत नाही. येताना माझ्यासाठी बांगडा आणू नये, कालचाच शिल्लक आहे.”

“शेरा. वारा समजूतदार आहे. लाटेचं सांगता येत नाही.”

“शेरा. आज नकाशाचं आणि हरेश्वरच्या गुडघ्याचं एकमत झालं आहे. जाऊ नये.” हरीमामांनी गुडघ्यावर थाप मारली. “बघ! माझो गुडघो छापून येतलो.”

आम्ही दोघं हसलो. त्या घरात फाल्गुनानंतर कुणी पहिल्यांदाच हसलं असेल. चहा झाला, पुन्हा वाचन झालं. ऊन अंगणातून ओटीवर आलं. मग एका ठिकाणी हरीमामा थांबले.

“ह्यो गाळ,” ते म्हणाले.

मी वाकून बघितलं. दोनच शब्द होते. शेरा. हरकत नाही.

“याला काय झालं?”

“तारीख बघ. बाबलाची होडी त्याच दिसा गेली.”

बाबल मोंडकर मला माहीत होता. किनाऱ्यावर सगळ्यात आधी होडी लोटणारा, मोठ्यानं हसणारा माणूस. त्याची होडी उलटली आणि तो परत आला नाही, हे भाऊंनी मला फोनवर सांगितलं होतं. एवढंच सांगितलं होतं. “एक होडी गेली,” म्हणाले, आणि मग माझ्या ऑफिसचं विचारायला लागले.

“सुगंधान ह्या वाचूचा?” हरीमामा म्हणाले. सुगंधाकाकी म्हणजे बाबलची बायको. “तिच्या दिराच्या होडयेतव पुस्तक जातला. हरकत नाही म्हणे! सायबांचो दोष नाय, दर्यो फिरलो की फिरलो. त्या दिसा मी मुंबैक होतंय, पण इल्यावर बघितलंय. सायब तीन दिवस वाळवेर बसान होते, जेवाक पण घराकडे गेले नाय. त्याच्या मगे लिवचाच सोडल्यानी.”

ते मला ठाऊक नव्हतं. भाऊंनी लिहिणं बंद केल्यावर मी विचारलं होतं, तर म्हणाले, “आता सगळ्यांच्या फोनात वारा दिसतो. म्हाताऱ्याची नाटकं कशाला?” मला ते पटलं होतं.

“गाळते,” मी म्हटलं. हरीमामा जेवायला घरी गेले.

आमच्या कामात एक शिस्त असते. नमुन्यानं काय पकडलं ते सगळेच बघतात. काय सुटलं तेही बघायचं. म्हणून मी उलट चाळणी लावली. भाऊंच्या नावावरचे, पण ज्यांत ‘शेरा’ हा शब्द नाही, असे सगळे मेसेज दाखव.

फार नव्हते. कुणाला मुलगा झाला म्हणून अभिनंदन. ‘फोन दुरुस्तीला दिला आहे, उद्या खबर मिळणार नाही.’ कुणाच्या वडलांना श्रद्धांजली. ‘शेळी सापडली का?’ आणि या सगळ्यांमध्ये एक ओळ.

‘तुम्ही हा मेसेज हटवला आहे.’

भाऊंच्या फोनची भाषा मराठी होती. हे फोन त्यांनाच उद्देशून म्हणत होता. इतक्या वर्षांच्या फाइलमध्ये अशी ओळ दुसरी नव्हती. तारीख तीच होती. वेळ ‘हरकत नाही’च्या थोडी आधीची.

मग मी नमुने बाजूला ठेवले आणि त्या आठवड्याचा मूळ मजकूर माणसानं वाचावा तसा वरून खाली वाचला. आदले दोन दिवस भाऊंनी ‘जाऊ नये’ असा शेरा दिला होता. दोन्ही दिवस समुद्र तळ्यासारखा राहिला होता. पहिल्या दिवशी लोकांनी थट्टा केली. ‘सायब, दर्यो झोपलो हा, तुमीव झोपा.’ दुसऱ्या दिवशी थट्टेला धार आली. एकानं लिहिलं, ‘सायबांचा पेन्शन येता, आमचा येणा नाय.’ दुसऱ्यानं लिहिलं, ‘घाटी माणसाक पाण्याचा भय असताच.’ त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग. भाऊंनी त्यावर काही उत्तर दिलं नव्हतं.

तिसऱ्या पहाटे त्यांनी काहीतरी लिहिलं, पाठवलं आणि पुसलं. मग ‘हरकत नाही’ लिहिलं. एरवी बांगड्याबद्दल, गुडघ्याबद्दल लिहिणाऱ्या माणसानं नुसते दोन शब्द.

काय पुसलं असेल हे सांगायला कुणाची गरज नव्हती.

मी उठून परसात गेले. भाऊ जिथे उभे राहून आभाळ बघायचे तिथली फरशी झिजली होती. तीन दिवस वाळूवर बसलेला माणूस मला आता दिसत होता. त्यानंतरची त्यांची दोन वर्षं दिसत होती. फोनवर माझ्याशी भाजीच्या भावाबद्दल बोलणारा आवाज. मी दर रविवारी फोन करायचे आणि दर रविवारी त्यांनी मला ते सांगितलं नव्हतं.

फाइलमध्ये ती ओळ होती. पुस्तकात ती येणार नव्हती. त्यासाठी मला काही करायचंही नव्हतं, कारण नमुन्यात ती बसतच नव्हती. ‘हरकत नाही’ हरीमामांनीच गाळायला सांगितलं होतं. त्या दिवसाची जागा कोरी राहिली असती आणि भाऊ या किनाऱ्यावर वारेसायब म्हणूनच राहिले असते.

संध्याकाळी हरीमामा आले तेव्हा मी त्यांना ती ओळ दाखवली. आधीच्या दोन दिवसांचं वाचून दाखवलं. ते खाली बसले.

“पेन्शनीचा कोणी लिवल्यान?” त्यांनी विचारलं.

मी नाव सांगितलं. तो त्यांचाच पुतण्या होता.

“मेल्याक...” ते पुटपुटले. मग म्हणाले, “उर्मी, ह्या कोणाक सांगू नको.”

“सुगंधाकाकींना?”

“तिका तर नकोच. काय मेळतला तिका? बाबल येतलो परत? उद्या हीच पोरां बोलतली, सायबांनी पुसल्यानी म्हणान बाबल बुडालो. ज्येंनी हसान पुसूक लावल्यानी, तेच बोलतले. अगो, तीस वर्सा काढल्यानी त्या माणसान हय. शिमग्यात पालखी खांद्यावर घेतल्यानी. घाटी म्हणत, पण लग्नाक पयली पत्रिका ह्याच घरात येय. ता सगळा एका वळीखातर घालवतलंस?”

“त्यांनी स्वतः ते कुणाला सांगितलं नाही मामा. म्हणून ते गप्प झाले.”

“मगे तू तरी कित्या सांगतंस?”

मी म्हटलं, “बाबलकाका परत का आले नाहीत, ते काकींना पूर्ण कळलेलं नाही. अर्धं माझ्याकडे आहे.”

हरीमामा उठले. “तुझो बापूस,” ते म्हणाले. “तू बघ.” आणि नेहमीसारखं ‘येतंय’ न म्हणता गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोंडकरांच्या घरी गेले. पुनव तोंडावर आलेली, त्यामुळे दारात नारळांचा ढीग होता. सुगंधाकाकी पडवीत आडाळ्यावर बसून खोबरं खवत होत्या. मला बघून त्यांनी पायानंच पाट पुढे सरकवला.

“ये गो. किती वाळलंस! पुण्यात जेवक देयत नाय काय तुका? बस. चाय घेतलंस?”

“घेतला काकी. एक सांगायला आले होते.”

“सांग मगे. हात गुंतलेले आसत, कान नाय.”

मी लॅपटॉप नेला होता, पण उघडला नाही. आधी पुस्तकाचं सांगितलं. ते त्यांना माहीत होतं. मग त्या दिवसाचं सांगितलं. आधीचे दोन दिवस, लोकांची थट्टा, पुसलेला मेसेज, मग हरकत नाही. मी आवाज सरळ ठेवायचा प्रयत्न करत होते. खोबरं खवल्याचा आवाज कधी थांबला ते मला कळलं नाही.

“पुसल्यानी?” काकी म्हणाल्या. “सायबांनी पुसल्यानी?”

“हो.”

“आपल्या हातान?”

“हो काकी.”

त्यांनी हातातली नारळाची कवड खाली ठेवली. “माका वाटलेला, माझोच हात लागलो. नवो फोन, माका खय काय येता? आता होता, आता नाय. वाटला, माझ्याच बोटान गेलो.”

मला क्षणभर कळलं नाही. “म्हणजे तुम्ही तो बघितला होता?”

“बघितलंय कशाक, वाचलंय.”

“काय?”

“हळू. शेजारणीचे कान लांब आसत.” त्यांनी पदराला हात पुसले. “ह्यांका बारीक अक्षर दिसा नाय. रोज सायबांचा मीच वाचून दाखवी. त्या दिसा हय पायरेर बसान मशेरी लावीत होते. मी वाचलंय. मगे हसले. सायबांका सांग म्हणाले, शिव्या दिवक संध्याकाळी नक्की येतंय. नि चूळ भरून गेले.”

“आणि दुसरा मेसेज? हरकत नाही?”

“तो इलो तेव्हा ते खाडयेच्या तोंडाक पोचले आसतीत. फोन खयचो गो होडयेत! एक बुडवल्यानी, तेव्हापासना फोन घरातच. ह्या खुंट्येर टांगलेलो होतो.” त्यांनी मान मागे वळवून खुंटीकडे बघितलं, जणू तो अजून तिथेच होता. “हरकत नाय ता ह्यांनी बघूकच नाय. आडवलेला ता मात्र ऐकान गेले.”

बाहेर कुणीतरी नारळांचा भाव विचारत होतं, काकींचा दीर त्याच्याशी घासाघीस करत होता. आत आम्ही दोघी बसलो होतो.

“काकी, हे तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत?”

“कोणाक सांगू? लोक काय बोलतले? सांगान सवरान गेलो, मगे मेलो. जिता असतो तर हसान परतवल्यान असतो, मेलेल्या माणसाक बोल लावतले नि तो काय बोलतलो? आणि माका काय बोलतले ताव आसाच. वाचून दाखवल्यान, नि दारात उभ्या रवान बघीत रवली.” त्या थांबल्या. “मी पण हसलंय गो तेव्हा. ते हसले, म्हणान हसलंय.”

मी पाट जरा त्यांच्याजवळ सरकवला.

“सायबांका सांगूचा होता माका,” त्या म्हणाल्या. “किती वेळा मनात इला. पण ते दारावरसून जायत नि मान वर करीत नायत. आदी कसे, लांबून हाक मारीत, सुगंधाबाई, आज कालवण काय? मगे बंदच. मी दारात असलंय तर ते वाट बदलीत. माका वाटला, रागावले. सांगूनव आयकूक नाय, म्हणान रागावले. बरोबर होता त्येंचा, म्हटलंय.”

“ते रागावले नव्हते.”

“आता कळला.”

“त्यांना वाटत होतं, त्यांनी पुसलं म्हणून...”

“आता कळला म्हटलंय मां,” काकी म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. रडल्या नाहीत. डोळे मिटून तशाच बसल्या.

दोन वर्षं. आमच्या घरापासून या पडवीपर्यंत मधे एक विहीर आणि हरीमामांची बाग. भाऊ रोज या दारावरून बंदरावर जायचे, कारण दुसरा रस्ता लांबचा होता. मग त्यांनी तो लांबचा धरला असणार. मला हे सगळं भाऊंना सांगायचं होतं. आत्ता, फोन करून. सांगायचं होतं की त्यांनी पुसलं ते पोचलं होतं, आणि लिहिलं ते पोचलंच नव्हतं. पहिल्यांदाच मला नीट समजलं की ते नाहीत.

काकींनीच आधी पदर खाली घेतला.

“पुस्तकात काय घालतलंस?”

“हरीमामा म्हणतात, तो दिवस गाळ.”

“हरीदादा सगळाच गाळतलो. तेका भांडान नको असता.” त्यांनी पुन्हा कवड हातात घेतली, पण खवायला लागल्या नाहीत. “गाळू नको. दुसरो आसा तो रवांदे. आणि त्येच्या वर पयलो घाल.”

“पहिला फाइलमध्ये नाही काकी. पुसलेला परत मिळत नाही. मी सगळीकडे बघितलं.”

“फायलीत नसात.”

मी त्यांच्याकडे बघितलं.

“तुम्हाला आठवतो?”

“इसारलंय खय? रोज रात्री पाठ म्हणतंय. लोक शुभंकरोती म्हणतत, मी ता म्हणतंय.”

“तो छापला तर लोकांना कळेल, बाबलकाका ऐकून गेले ते.”

“कळांदे. सायबांनी पुसल्यानी ताव कळात. दोघांचाव कळांदे. एकट्याचा कोणाचाच नको.”

मी लॅपटॉप उघडला. ती तारीख शोधली. ‘हरकत नाही’च्या वर कर्सर नेऊन एक ओळ मोकळी केली. गेले दोन दिवस मी त्या फाइलमध्ये स्वतःचं एक अक्षरही लिहिलं नव्हतं, फक्त काढत होते.

“सांगा,” मी म्हटलं.

काकी ताठ बसल्या. शाळेत उभं राहून कविता म्हणायला सांगितल्यासारख्या. आणि मग त्यांच्या तोंडून स्वच्छ, घाटावरची मराठी यायला लागली. भाऊंचीच.

“शेरा. लोक हसले तरी चालेल.”

मी टंकलं.

“आज कुणीही जाऊ नये. घरीच बसा.”

मी लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. “आज कुणीही जाऊ नये. घरीच थांबा.”

“थांबा नाय. बसा.”

मी दुरुस्त केलं.

“माझं चुकलं तर संध्याकाळी शिव्या द्यायला या,” काकी म्हणाल्या. इथे त्यांचा आवाज जरा हलला, पण त्या थांबल्या नाहीत. “चहा टाकून ठेवतो.”

मला ते शेवटचं वाक्य लिहायला वेळ लागला. पडद्यावरची अक्षरं मला नीट दिसत नव्हती. काकी वाट बघत होत्या.

“झाला?”

“झालं.”

त्या पाटावरून उठून माझ्या बाजूला आल्या, वाकल्या, आणि पडद्यावर बोट न टेकवता, अगदी थोडं लांब धरून, ओळीवरून फिरवत गेल्या.

“आता ह्या कोण पुसूचा नाय मां?”

“नाही काकी.”

“मगे परत एकदा वाच,” त्या म्हणाल्या. “जरा मोठ्यान वाच. दीर भायर आसा, तेकाव ऐकांदे.”